आई-बाबांची कॅनडाची पीआर: माणसांची मोजणी, नावांचा घोळ आणि ते ६० दिवस

कॅनडातली मुलं-नातवंडं ज्यातून आई-बाबांना किंवा आजी-आजोबांना स्पॉन्सर करून पीआर, म्हणजे कायमचं वास्तव्य, मिळवून देतात त्या पेरेंट्स अँड ग्रँडपेरेंट्स प्रोग्रॅममध्ये, म्हणजे सगळे ज्याला ‘पीजीपी’ म्हणतात त्यात, निमंत्रण आल्यापासून अर्ज भरायला साधारण ६० दिवस मिळतात. कॅनडातले कागद एवढ्या वेळात निघतात. अडतं ते भारतातल्या कागदांपाशी. आईचं लग्नाआधीचं नाव, १९७० च्या दशकातलं नोंद न झालेलं लग्न, जन्मदाखल्यावरचा नावाचा कोरा रकाना या गोष्टी ६० दिवसांत दुरुस्त होत नाहीत. म्हणून निमंत्रणाची वाट बघत असतानाच कामाला लागा. खालची बहुतेक कामं आज, निमंत्रण हातात नसतानाही करता येतात.

आधी रांग समजून घ्या

या कार्यक्रमात थेट अर्ज करता येत नाही. ‘इंटरेस्ट टू स्पॉन्सर’ हा इच्छा नोंदवायचा फॉर्म १३ ऑक्टोबर ते ३ नोव्हेंबर २०२० या काळात उघडला होता. २०२१ पासून २०२५ पर्यंत दरवर्षीची निमंत्रणं त्याच यादीतून, सोडत काढून, पाठवली गेली. २०२५ मध्ये २८ जुलैपासून १७,८६० निमंत्रणं गेली आणि स्वीकारायचे होते १०,००० अर्ज. २०२० मध्ये फॉर्म भरलाच नसेल तर या लेखातला सुपर व्हिसाचा, म्हणजे आई-बाबांना लांब मुदतीसाठी भेटीला आणायच्या व्हिसाचा, भाग तुमच्यासाठी जास्त महत्त्वाचा आहे.

फॉर्म भरला असेल तर दोन गोष्टी आजच शोधा: तेव्हा मिळालेला कन्फर्मेशन नंबर आणि तेव्हा दिलेला ईमेल. अनेकांनी कॉलेजचा किंवा जुन्या नोकरीचा ईमेल दिला होता. तो बंद झालेला असतो आणि निमंत्रण तिथेच पडून राहतं. ईमेल बदलला असेल तर आयआरसीसीच्या, म्हणजे इमिग्रेशन खात्याच्या वेबफॉर्मवरून कळवा. निमंत्रणांची फेरी सुरू असताना स्पॅमचा फोल्डरही रोज बघा.

फॉर्म ज्याने भरला, स्पॉन्सर तोच राहतो. जावई सासू-सासऱ्यांचा स्पॉन्सर होऊ शकत नाही, सूनही नाही. रक्ताच्या किंवा दत्तक नात्यातला मुलगा, मुलगी, नातू किंवा नातच स्पॉन्सर होते. नवरा किंवा बायको ‘को-साइनर’ म्हणून आपली मिळकत जोडू शकते. भाऊ-बहीण को-साइनर होऊ शकत नाहीत. दोन भावांनी मिळून आई-बाबांना आणायचं, ही कल्पना घरी कितीही साधी वाटली तरी नियमात बसत नाही. स्पॉन्सर किमान १८ वर्षांचा, कॅनडाचा नागरिक किंवा पीआर असावा लागतो आणि प्रत्यक्ष कॅनडात राहत असावा लागतो.

माणसं मोजा, मग डॉलर मोजा

मिळकतीच्या अटीत नापास होणारे बरेच जण कमी कमावणारे नसतात. त्यांनी घरातली माणसं चुकीची मोजलेली असतात. मोजणीत ही सगळी येतात: तुम्ही, तुमचा नवरा किंवा बायको, तुमची आणि जोडीदाराची अवलंबून मुलं, ज्यांना स्पॉन्सर करताय ते, त्यांचा जोडीदार (तो येणार नसला तरी), त्यांची अवलंबून मुलं (ती येणार नसली तरी), आणि आधी स्पॉन्सर केलेलं किंवा ज्यांच्या हमीवर, म्हणजे त्यांचा भार उचलायच्या लेखी वचनावर, तुम्ही सही केली आहे असं प्रत्येक माणूस, ज्याच्या हमीची मुदत अजून संपलेली नाही.

या शेवटच्या ओळीत मराठी घरं हमखास फसतात. समजा नवरा, बायको आणि एक मूल आहे. बायकोने आधी तिच्या आई-बाबांना आणलं आणि नवरा को-साइनर होता. आता नवऱ्याला त्याच्या आई-बाबांना आणायचं आहे. त्याच्या मोजणीत पाच नाही, सात माणसं आली, कारण सासू-सासऱ्यांची हमी २० वर्षं चालू असते. दोन्हीकडच्या आई-बाबांना आणायचा विचार असेल तर हा हिशोब पहिल्या अर्जाच्या आधी, दोघांनी बसून, कागदावर मांडावा.

२०२५ च्या फेरीसाठी २०२२, २०२३ आणि २०२४ या तीन करवर्षांची किमान मिळकत कॅनेडियन डॉलरमध्ये अशी होती:

चार माणसांना ६४,३०६, ६६,४६६ आणि ७०,९७२.
पाच माणसांना ७२,९३५, ७५,३८४ आणि ८०,४९६.
सहा माणसांना ८२,२५९, ८५,०२० आणि ९०,७८४.
सात माणसांना ९१,५८२, ९४,६५८ आणि १,०१,०७५.

हे आकडे कॅनडाच्या अल्प-मिळकत मर्यादेवर ३० टक्के चढवून काढतात आणि दरवर्षी बदलतात. अट तिन्ही वर्षांत वेगवेगळी पूर्ण व्हावी लागते. सरासरी चालत नाही. एका वर्षी दीड लाख आणि पुढच्या वर्षी साठ हजार असेल तर ते साठ हजारांचं वर्ष अर्ज पाडतं.

मिळकत म्हणजे पगाराची स्लिप नव्हे. कॅनडा रेव्हेन्यू एजन्सीच्या नोटीस ऑफ असेसमेंटवर, म्हणजे ‘एनओए’वर, १५००० क्रमांकाच्या ओळीत असलेली एकूण मिळकत धरली जाते आणि त्यातून काही रकमा वजा होतात. नोकरी गेल्यावर मिळणारा नेहमीचा ईआय, म्हणजे बेरोजगारी विम्याचा पैसा, वजा होतो, पण बाळंतपणाचा, पालकत्वाचा आणि आजारपणाचा ईआय धरला जातो. गरजूंसाठीची सरकारी मदत म्हणून मिळालेले पैसे वजा होतात. मुलांसाठी मिळणारा चाइल्ड बेनिफिट मिळकतीत मोजलाच जात नाही.

स्वतःचा धंदा, ट्रक किंवा टॅक्सी असलेल्यांनी इथे थांबून विचार करावा. एकूण उलाढाल नाही, खर्च वजा जाता उरलेला नफा धरला जातो. कर वाचवण्यासाठी गाडी, पेट्रोल, फोन आणि घरातली ऑफिसची खोली खर्चात टाकली की कर वाचतो, पण मिळकत मर्यादेखाली जाते. पुढच्या तीन वर्षांत स्पॉन्सर करायचं असेल तर अकाउंटंटला तसं आताच सांगा. खरे खर्च दाखवायचे की सोडायचे हा निर्णय विवरणपत्र भरण्याआधी होतो, नंतर नाही.

अर्ज गेल्यावर मिळकत घसरून चालत नाही. निकालाला बारा महिन्यांहून जास्त वेळ लागला तर अधिकारी नव्या वर्षांचे पुरावे मागू शकतात. या अर्जांना वर्षानुवर्षं लागतात, त्यामुळे ते मागतील असं धरूनच चाला. मधल्या काळात नोकरी सोडून पूर्णवेळ शिकायला जाणं किंवा एकाने घरी बसणं या निर्णयांची किंमत इथे मोजावी लागते.

क्यूबेकमध्ये राहणाऱ्यांचा रस्ता वेगळा आहे. तिथे मिळकत प्रांताचं इमिग्रेशन खातं तपासतं, प्रांताचे नियम लागतात आणि हमी २० ऐवजी १० वर्षांची असते.

नावं आणि नाती: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

नातं सिद्ध करणारा मुख्य कागद म्हणजे तुमचा, म्हणजे स्पॉन्सरचा, जन्मदाखला. त्यावर आई आणि वडील दोघांची नावं हवीत. आजी-आजोबांना आणायचं असेल तर साखळीला दोन कड्या लागतात: तुमचा दाखला, आणि ज्या आई किंवा बाबांकडून नातं आहे त्यांचा दाखला.

महाराष्ट्रातल्या कागदांवर अडचणी येतात त्या अशा.

जन्मदाखल्यावर बाळाचं नाव नसतं. बारशाआधीच नोंद झालेली असते आणि नंतर कोणी नाव घालायला गेलेलं नसतं. त्याच महापालिकेच्या, नगरपरिषदेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयात शाळा सोडल्याचा दाखला घेऊन जा, नाव अजून घालता येतं का ते विचारा, आणि येत असेल तर नाव घालून नवा दाखला मराठी-इंग्रजी दोन्ही भाषांत मागा.

नोंदच सापडत नसेल तर त्या कार्यालयाकडून ‘नोंद आढळली नाही’ असा लेखी दाखला घ्या. सोबत शाळा सोडल्याचा दाखला, दहावीचं प्रमाणपत्र, तुमच्या पासपोर्टवरची आई-वडिलांची नावं, जुनं रेशनकार्ड आणि घरातल्या ज्येष्ठांची प्रतिज्ञापत्रं जोडा. एकट्या शाळेच्या दाखल्यावर विसंबू नका. जुन्या दाखल्यांवर वडिलांचं नाव असतं, आईचं बहुधा नसतं. उशिरा जन्मनोंद करून घेणं हा दुसरा मार्ग आहे, पण एक वर्ष उलटलेल्या जन्माला दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो आणि त्यात महिने जातात. कागद फारच तोकडे असतील तर खातं डीएनए चाचणी सुचवू शकतं.

आईचं नाव ही सगळ्यात अवघड गाठ. आपल्याकडे लग्नात आडनाव बदलतं, मधलं नाव वडिलांचं जाऊन नवऱ्याचं येतं आणि कित्येक घरांत तांदळाच्या ताटात नवं नाव लिहून पाळण्यातलं नावही बदललं जातं. म्हणजे माहेरची शकुंतला दत्तात्रय सासरी सुनीता वसंत होते आणि दोन्ही नावांत एकही शब्द सारखा उरत नाही. मुलाच्या दाखल्यावर एक नाव, आईच्या पासपोर्टवर दुसरं, बँकेत तिसरं. पुण्यातल्या कारकुनाला यात वावगं दिसत नाही. ओटावातल्या अधिकाऱ्याला मात्र त्या दोन वेगळ्या बायका वाटतात, आणि त्यात त्याची चूक नाही.

उपाय तीन पदरी करा. पहिला, विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र. लग्न पन्नास वर्षांपूर्वीचं असलं तरी महाराष्ट्राच्या १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्याखाली आजही नोंद करता येते. दोघांनी हजर राहायचं, तीन साक्षीदार आणायचे, लग्नपत्रिका किंवा लग्नातला फोटो न्यायचा. पत्रिका सापडत नसेल आणि भटजी हयात नसतील तर काय चालेल ते प्रभाग कार्यालयात आधी विचारून या, कारण एका फेरीत हे काम क्वचितच होतं. दुसरा, शासन राजपत्रातली नावबदलाची सूचना. पूर्वी छापून आली असेल तर तिची प्रत काढा, नसेल तर आता द्या. तिसरा, ‘ही सगळी नावं एकाच व्यक्तीची आहेत’ असं नोटरीपुढे केलेलं प्रतिज्ञापत्र. त्यात प्रत्येक नावापुढे ते कोणत्या कागदावर आहे हे लिहा. नुसती नावांची यादी दिली तर अधिकाऱ्याला ताळा घालता येत नाही.

मराठी कागदांचं इंग्रजी किंवा फ्रेंच भाषांतर प्रमाणित भाषांतरकाराकडून करून घ्या आणि मूळ कागदाची प्रत सोबत जोडा. घरातल्या कोणी केलेलं भाषांतर, ती व्यक्ती पेशाने भाषांतरकार असली तरी, स्वीकारलं जात नाही. भाषांतरात पासपोर्टवरचंच स्पेलिंग वापरायला सांगा. एकाच आडनावाची दोन स्पेलिंगं भाषांतरकाराकडूनच शिरतात आणि शेवटी निस्तरावी तुम्हाला लागतात.

फॉर्म भरताना

स्पॉन्सरचा मुख्य फॉर्म आयएमएम १३४४. त्यावर स्पॉन्सर, को-साइनर आणि मुख्य अर्जदार यांच्या सह्या लागतात. मिळकतीसाठी आयएमएम ५७६८. आई-बाबांच्या बाजूने आयएमएम ०००८, पार्श्वभूमीचा आयएमएम ५६६९ आणि कुटुंबाचा आयएमएम ५४०६. स्पॉन्सरशिप आणि पीआर हे दोन्ही अर्ज एकत्र, ऑनलाइन पोर्टलवरून जातात. एक कागद राहिला तरी सगळा अर्ज परत येतो आणि तोवर फेरी बंद झालेली असू शकते.

आयएमएम १३४४ मध्ये एक प्रश्न आहे जो बहुतेक जण घाईत टिक करतात: तुम्ही स्पॉन्सर म्हणून अपात्र ठरलात तर अर्ज मागे घ्यायचा की पुढे चालवायचा? मागे घेतला तर स्पॉन्सरशिपचे ८५ डॉलर सोडून बाकी फी परत मिळते, पण अपील करता येत नाही. पुढे चालवला तर प्रक्रियेची फी जाते, पण नकारानंतर ३० दिवसांत इमिग्रेशन अपील डिव्हिजनकडे दाद मागता येते. मिळकत काठावर असेल आणि परिस्थिती खरोखर अवघड असेल, समजा आई एकटी आणि आजारी आहे आणि भारतात बघणारं कोणी नाही, तर पुढे चालवण्याचा पर्याय निवडावा असं आमचं मत आहे. पैसे पुन्हा कमावता येतील. या कार्यक्रमात पुन्हा नंबर लागेलच असं नाही.

आयएमएम ५६६९ मध्ये गेल्या दहा वर्षांचा हिशोब महिन्यागणिक द्यायचा असतो, मोकळी जागा न सोडता. बाबा निवृत्त असतील तर ‘निवृत्त’, आई घर सांभाळत असेल तर ‘गृहिणी’ असं लिहा, पण रकाना भरा. पत्तेही तसेच: मुलीकडे सहा महिने, गावी चार महिने, सगळं. सरकारी नोकरी, पोलीस किंवा सैन्यातली सेवा दहा वर्षांपूर्वीची असली तरी वेगळ्या रकान्यात विचारली जाते. बाबा एसटीत, महावितरणमध्ये किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत होते तर पद, ठिकाण आणि वर्षं यांची नोंद आताच करून ठेवा. सेवापुस्तकाची प्रत असेल तर उत्तम.

आयएमएम ५४०६ मध्ये प्रत्येक मूल लिहायचं: लग्न झालेली मुलगी, दत्तक गेलेला मुलगा, वारलेलं मूलही. एखादं दुःखद नाव टाळावंसं वाटतं हे समजतं, पण इथे टाळू नका. अवलंबून मूल म्हणजे २२ वर्षांखालचं आणि अविवाहित, किंवा शारीरिक-मानसिक कारणामुळे आई-बाबांवरच अवलंबून असलेलं. अशा मुलाचं नाव लपवलं किंवा त्याची तपासणी झाली नाही, तर आई-बाबा पुढे त्याला कुटुंब म्हणून स्पॉन्सर करू शकत नाहीत. खोटी माहिती दिल्याचं ठरलं तर पाच वर्षांची बंदी येते.

फी ३० एप्रिल २०२४ पासूनच्या दरांनुसार सांगतो, भरण्याआधी ताजा दर बघून घ्या. स्पॉन्सरशिप ८५, मुख्य अर्जदाराची प्रक्रिया ५४५, पीआर हक्काची फी ५७५, म्हणजे १,२०५ डॉलर. सोबतच्या जोडीदाराचे १,२१०. अवलंबून मुलाचे १७५. बायोमेट्रिक्स, म्हणजे बोटांचे ठसे आणि फोटो, एकट्याचे ८५, एकत्र अर्ज करणाऱ्या कुटुंबाचे जास्तीत जास्त १७०. भाषांतर, वैद्यकीय तपासणी आणि पोलीस दाखला यांचा खर्च वेगळा.

पैसे घेऊन तुमची बाजू मांडायचा अधिकार कॅनडातल्या परवानाधारक सल्लागारांना, वकिलांना आणि क्यूबेकच्या नोटरींना आहे. गल्लीतल्या एजंटाला नाही. परवाना क्रमांक मागा आणि ‘कॉलेज’ म्हणवणाऱ्या सल्लागारांच्या नियामक संस्थेच्या सार्वजनिक यादीत स्वतः तपासा.

पोलीस दाखला, बोटांचे ठसे, वैद्यकीय तपासणी

भारतातला पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळतो. पासपोर्टवरचा पत्ता सांगलीचा आणि राहणं पुण्यातल्या फ्लॅटमध्ये, असं असेल तर पडताळणी अडते. पत्ता आधी नीट करून घ्या. गेल्या दहा वर्षांत दुसऱ्या देशात सलग सहा महिने किंवा जास्त राहणं झालं असेल तर तिथलाही दाखला लागतो. आखाती देशांतून हा मिळवायला वेळ लागतो.

बायोमेट्रिक्सचं पत्र आलं की ३० दिवसांत ठसे द्यायचे. केंद्रं मुंबईत आणि पुण्यातही आहेत. वय झालेल्यांच्या बोटांचे ठसे पुसट असतात, त्यामुळे शेवटचा दिवस गाठू नका.

वैद्यकीय तपासणी फक्त पॅनेलवरच्या, म्हणजे इमिग्रेशन खात्याने मान्य केलेल्या, डॉक्टरांकडे होते. साधा मधुमेह किंवा गोळीने आटोक्यात असलेला रक्तदाब यामुळे सहसा नकार येत नाही. अडचण येते ती उपचारांचा खर्च मोठा असेल तेव्हा, म्हणजे डायलिसिस किंवा फार महागडी कायमची औषधं असतील तर. कॅनडाच्या आरोग्यसेवेवर ठरलेल्या मर्यादेहून (२०२५ मध्ये वर्षाला साधारण २७ हजार डॉलर) जास्त भार पडेल असा अंदाज निघाला की अर्ज अडतो. स्पॉन्सर आपल्या जोडीदाराला किंवा मुलांना आणत असेल तर त्यांना या नियमातून सूट आहे, आई-बाबांना नाही. अशा वेळी आधी पत्र येतं आणि उत्तराला मुदत मिळते. ते उत्तर वकिलाच्या मदतीनेच द्या, आणि भारतातल्या तज्ज्ञ डॉक्टरांचा औषधं, मात्रा आणि खर्च यांचा तपशीलवार अहवाल जोडा. छातीच्या एक्स-रेत जुन्या क्षयरोगाचा डाग दिसला तर थुंकीची तपासणी होते आणि काही आठवडे वाढतात. जुन्या उपचारांची फाइल जवळ असेल तर डॉक्टरांचं काम सोपं होतं.

रांगेत असताना, किंवा रांगेत नसतानाही: सुपर व्हिसा

४ जुलै २०२२ पासून सुपर व्हिसावर एका वेळी पाच वर्षं राहता येतं आणि व्हिसा दहा वर्षांपर्यंत चालू राहतो. मिळकतीची मर्यादा पीजीपीपेक्षा कमी, कारण वरचे ३० टक्के नसतात. अर्ज कॅनडाबाहेरून करायचा. किमान एक लाख डॉलरचा आणि किमान एका वर्षाचा वैद्यकीय विमा लागतो. २८ जानेवारी २०२५ पासून मान्यताप्राप्त परदेशी कंपन्यांचा विमाही चालतो. नुसतं कोटेशन चालत नाही. जुन्या आजारांबाबतचं कलम ओळ न ओळ वाचा. वर्षभरात औषधाची मात्रा बदलली तर काही पॉलिसी त्या आजाराचा दावा नाकारतात.

पीजीपीचा अर्ज चालू असतानाही सुपर व्हिसा घेता येतो. सत्तरी ओलांडलेल्यांनी तो घ्यावाच. निकालाची वाट बघताना गेलेली वर्षं परत मिळत नाहीत.

हातात पीआर आल्यावर

पीआर मंजूर झाल्याच्या कन्फर्मेशनच्या कागदावर तारीख असते, ती बहुधा वैद्यकीय तपासणीच्या वर्षभराच्या मुदतीशी किंवा पासपोर्टशी जोडलेली असते आणि वाढवून मिळत नाही. त्याआधी कॅनडात उतरायचं. सोबतच्या आणि मागून येणाऱ्या सामानाची यादी करा. आईचे दागिने असतील तर सोनाराकडून मूल्यांकन आणि प्रत्येक दागिन्याचा फोटो घ्या. दहा हजार डॉलर किंवा त्याहून जास्त रोकड जवळ असेल तर ती जाहीर करावी लागते.

ओंटारियोत आरोग्यकार्डासाठी थांबावं लागत नाही. ब्रिटिश कोलंबियात उतरलेला महिना आणि पुढचे दोन महिने थांबावं लागतं, तेवढ्या काळाचा विमा आधीच काढा. ओल्ड एज सिक्युरिटीसाठी, म्हणजे कॅनडाच्या सरकारी वृद्धापकाळ पेन्शनसाठी, ६५ वय आणि अठराव्या वर्षानंतर कॅनडात किमान दहा वर्षांचा निवास लागतो. तोवर सगळा भार स्पॉन्सरवर असतो. आई-बाबांनी सरकारी मदत घेतली तर २० वर्षांच्या हमीत ती रक्कम तुमच्याकडून वसूल होते, मधे नोकरी गेली किंवा घटस्फोट झाला तरीही.

पीआर टिकवायला पाच वर्षांत ७३० दिवस कॅनडात राहावं लागतं. हिवाळे पुण्यात काढायचे असतील तर येण्या-जाण्याच्या तारखांची वही पहिल्या दिवसापासून ठेवा.

कराचं मात्र कोणी आधी सांगत नाही. कॅनडात रहिवासी झाल्यावर बाबांचं पेन्शन, एफडीचं व्याज आणि फ्लॅटचं भाडं कॅनडाच्या विवरणपत्रात दाखवावं लागतं. भारतात भरलेल्या कराची वजावट कराराप्रमाणे मिळते. परदेशातल्या गुंतवणुकीची खरेदी-किंमत एक लाख डॉलरहून जास्त असेल तर टी-११३५ हा वेगळा फॉर्म लागतो, पहिलं वर्ष सोडून. निघण्याआधी भारतातल्या घराचं, जमिनीचं आणि शेअरचं त्या दिवसाचं मूल्यांकन करून ठेवा. पुढे विकताना कॅनडात नफा त्या दिवसाच्या किमतीपासून मोजला जातो, १९८५ च्या खरेदीखतापासून नाही. बँकेला अनिवासी झाल्याचं कळवून बचत खातं एनआरओ करून घ्या. आणि दर नोव्हेंबरला पेन्शनसाठी हयातीचा दाखला कसा पाठवायचा, हे निघण्याआधीच बँकेत जाऊन विचारून या. बाबांच्या मोबाइलवर ओटीपी येतो तो भारतातला नंबर चालू राहील याची व्यवस्थाही त्याच फेरीत करा.